दऱ्या, दर्या आणि भिंतीवरचे अक्षर

रविवार, रात्री साडेदहा

उद्याचा पाठ सह्याद्री आणि कोकणचा आहे. नकाशे आणि छायाचित्रे दुपारीच लावून झाली, पण स्लाइडवरचा फॉन्ट निवडण्यात अख्खी संध्याकाळ गेली, आणि ती वाया गेली असे मात्र मला वाटत नाही.

गेल्या आठवड्यातली फजिती अजून मनातून जात नाही. घरच्या लॅपटॉपवर मी मोठ्या हौसेने बलू हा गोलमटोल फॉन्ट वापरला होता. शाळेतल्या संगणकावर तो नव्हताच, त्यामुळे पॉवरपॉइंटने मला न विचारता दुसराच फॉन्ट लावला, ओळी लांबल्या आणि प्रत्येक स्लाइडवरचे शेवटचे वाक्य कडेच्या खाली गडप झाले. त्याच तासाला एका सहकाऱ्याची जुनी फाइल उघडली, तर तीत रोमन अक्षरे आणि चिन्हे यांचा नुसता काला दिसला. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा संकेतांक देणारी पद्धत, येण्यापूर्वीच्या त्या फॉन्टांमध्ये रोमन अक्षरांच्याच जागी देवनागरी आकृत्या बसवलेल्या असत, त्यामुळे फॉन्ट नसला की मजकुराचे सोंग उतरते. युनिकोडमध्ये निदान मजकूर मराठीच राहतो आणि बिघडते ते फक्त रूप.

आज म्हणून मी एक कसोटीचे वाक्य तयार केले: ‘सह्याद्रीच्या पश्चिमेस कोकणची किनारपट्टी असून दऱ्यांतून वाहणाऱ्या नद्या अरबी समुद्राला मिळतात.’ ह्य, श्च, ट्ट, द्य, ऱ्या अशी फॉन्टाला घाम फोडणारी सगळी मंडळी त्यात आहेत. हे वाक्य एकामागून एक फॉन्टांत लावून मी लॅपटॉप टेबलावर ठेवला आणि स्वयंपाकघराच्या दारातून वाचू लागले.

मोदक हा फॉन्ट जवळून पाहताना फार गोड वाटतो. नावाप्रमाणेच तो इतका फुगलेला आहे की अक्षरांच्या पोटातली पोकळी जेमतेम रेघेएवढी उरते. दारातून ‘किनारपट्टी’तला ट्ट मला काळ्या ठिपक्यासारखा दिसला. पाठाच्या नावाच्या एका शब्दापुरता तो ठीक आहे, वाक्यासाठी नाही. टिरो देवनागरी मराठी याच्यावर मात्र माझा जीव जडला, कारण त्यातला ल पाकळीचा आणि श देठाचा आहे, म्हणजे मुले वहीत गिरवतात तसा. संगणकाच्या लेखी मराठी ल आणि हिंदी ल यांचा संकेतांक एकच असतो, आकार ठरवतो तो फॉन्ट, आणि बहुतेक फॉन्ट आपण काही सांगितले नाही तर हिंदी वळणाकडे झुकतात. राज्य शासनाने २०२२ साली पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श यांचा निर्णय काढला, तरी आमच्या स्लाइडवर तो उतरायचाच आहे. पण टिरोच्या बारीक रेघा आमच्या जुनाट प्रोजेक्टरच्या फिकट उजेडात विरून जातील, शिवाय त्यात सरळ आणि तिरपे एवढेच दोन प्रकार असल्यामुळे ठळक केले की संगणक रेघा नुसत्या फुगवतो. तो मी फक्त उताऱ्याच्या एका स्लाइडसाठी राखला.

शेवटी मजकुरासाठी मुक्ता घेतला. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा हा फॉन्ट मोफत मिळतो आणि त्यात सात वजने, म्हणजे रेघांच्या जाडीच्या सात पायऱ्या, आहेत, त्यामुळे शीर्षक त्याच घराण्यातल्या जाड वजनात ठेवता आले. गूगल स्लाइड्समध्ये तो ‘मोअर फॉन्ट्स’मध्ये लिपी देवनागरी निवडली की सापडतो. पॉवरपॉइंटसाठी फाइल उतरवून तिच्यावर उजवी क्लिक करून ‘इन्स्टॉल’ करावे लागते. या वेळी जतन करण्याच्या पर्यायांत जाऊन फॉन्ट फाइलमध्येच बसवण्याच्या खुणेवर टिचकी मारली, आणि तरीही भरवसा नको म्हणून पीडीएफची एक प्रत पेनड्राइव्हवर घेतली. एक गोष्ट आजच ध्यानात आली: पॉवरपॉइंटच्या नेहमीच्या मांडणीत ओळींमधले अंतर एक पटीपेक्षाही कमी असते. रोमन अक्षरांना ते पुरते, पण आपल्या वरच्या वेलांट्या-रफार आणि खालचे उकार एकमेकांच्या अंगावर पडतात. सव्वापट अंतर दिल्यावर पान जरा श्वास घेऊ लागले.

सोमवार, दुपारी

फॉन्ट शाबूत राहिला. शेवटच्या बाकावरच्या मुलींनी सगळे वाक्य न अडखळता वाचले आणि मी मनातल्या मनात पाठ थोपटून घेत होते, तेवढ्यात तिसऱ्या स्लाइडवर एकीने हात वर केला. ‘बाई, सह्याद्रीत दर्या कुठून आला? दर्या म्हणजे समुद्र ना?’ मी वळून पाहिले. शीर्षक ‘सह्याद्रीतील दर्या’ असे होते. घाईत मी ऱ ऐवजी साधा र टंकला होता आणि मुक्ताने इमानेइतबारे त्याचा रफार करून य वर चढवला होता. फॉन्टाचा यात काडीचाही दोष नव्हता. कसोटीच्या वाक्यात मी दऱ्या नीट लिहिल्या होत्या, शीर्षकात नाही. वर्ग खदखदून हसला, मीही हसले, आणि खडू घेऊन फळ्यावर दोन्ही शब्द शेजारी शेजारी लिहिले.