साडेसहाची रिम आणि २६५ चे टायर

गाडी दुकानात वळवतानाच आवाज आला. खर्र... खर्र... आणि मग स्टेअरिंग पूर्ण कापल्यावर एक लांब घासल्यासारखा, जांभ्यावर कोयता घासतात तसा. मी आत बॅलन्सिंग मशीनवर होतो, तिथूनच पोराला म्हटलं, पुढचा डावा बघ. एकोणीस वर्षं कणकवलीत हायवेला टायरचं दुकान चालवतोय, आवाजावरून बाजू तरी नक्की कळते.

हरतालिकेचा दिवस होता. गणपतीच्या आदल्या दिवशी आमच्याकडे काय गर्दी असते ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको, सकाळी सातपासून पंक्चर, हवा, वायपर, स्टेपनी, चहा प्यायलाही वेळ नाही, आणि पाऊस असा की समोरचा फ्लायओव्हर दिसत नव्हता. गाडी होती सात सीटर डिझेल एसयूव्ही, पुण्याची, कोल्हापूरमार्गे फोंडा घाट उतरून आलेली. वर कॅरियरला ताडपत्री बांधलेलं सामान, आत सात माणसं, मधल्या सीटवर एक आजी, मांडीवर मखराच्या फुलांचा खोका. जायचं होतं आचऱ्याच्या अलीकडे, गावच्या घरी.

मालक चाळिशीचे असतील, उतरल्या उतरल्या म्हणाले, "दादा, फक्त आतलं प्लॅस्टिक घासतंय, तेवढं कापून द्या, आम्हाला निघायचंय." आणि आजी आतून म्हणाल्या, "झिला, नीट बघ हां, घाटभर गाडी आरडत इली."

मी खाली वाकून टायर वाचला. २६५/६५ आर १७. नवा कोरा, जाड नक्षीचा ए/टी, म्हणजे कच्च्या-पक्क्या दोन्ही रस्त्यांचा, दिसायला एकदम रुबाबदार, त्यात काही खोटं नाही. मग ड्रायव्हरचा दरवाजा उघडून खांबावरचा स्टिकर बघितला, तिथे कंपनीने लिहिलेलं २३५/६५ आर १७. मी विचारलं कधी बदलले, तर वीस दिवसांपूर्वी, २२०० किलोमीटर झाले. कुठून लावले ते त्यांनी सांगितलं, मी इथे लिहीत नाही, त्या दुकानदाराने मागितलं ते दिलं एवढंच. रिम बघितली का त्याने, असं विचारल्यावर ते गोंधळले. "रिम तर सतराचीच आहे ना, टायर पण सतराचाच."

इथेच सगळी गोची आहे आणि हे मी रोज दोन माणसांना तरी समजावत असतो. २६५ ही टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, ६५ म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या किती टक्के ते, आणि सतरा हा रिमचा व्यास झाला, इंचात. रिमची रुंदी वेगळी असते आणि ती टायरवर कुठेच लिहिलेली नसते, ती रिमवर असते, तीही बहुतेक वेळा मागच्या बाजूला, म्हणजे चाक काढल्याशिवाय दिसत नाही. मी जॅक लावला, चाक उतरवलं, आतल्या बाजूला घाटातला लाल चिखल इंचभर बसलेला, तो तारेच्या ब्रशने काढला, वर पाणी मारलं, तेव्हा स्पोकच्या मागे कोरलेली अक्षरं वर आली. ६.५ जे गुणिले १७. साडेसहा इंच.

२६५/६५ ला रिम लागते साडेसात ते साडेनऊ इंच. २३५/६५ ला साडेसहा ते साडेआठ. म्हणजे ह्यांच्या रिमवर कंपनीचा टायर बसतो तोच मुळात खालच्या टोकाला बसतो, रुंद जायला जागाच नाही. २४५ सुद्धा नाही, त्याला कमीत कमी सात लागते. हा तक्ता माझ्या भिंतीवर लॅमिनेट करून लावलाय, मी त्यांना तिथे नेऊन बोट ठेवून दाखवलं.

ते म्हणाले, "पण बसलाय की, हवा पण कमी होत नाही." बरोबर आहे, बसतो. मशीनवर साबणाचं पाणी लावून चढवला आणि हवा मारली की बीड, म्हणजे टायरची आतली कड, रिमवर फटकन बसते, गिऱ्हाईकाला वाटतं झालं काम. पण २६५ ही रुंदी मोजलेली असते आठ इंची रिमवर. रिम अर्धा इंच अरुंद झाली की टायर साधारण ५ मिलिमीटर आत ओढला जातो, म्हणजे आठवरून साडेसहावर आला की १५ मिलिमीटर गेले. पैसे दिले २६५ चे आणि मिळाला २५० चा, तोही चिमटीत धरलेल्या वडापावासारखा, खाली आवळलेला आणि मध्ये फुगलेला. मधला भाग फुगतो म्हणून रस्त्याला तोच टेकतो, कडा उचललेल्या राहतात.

हे त्यांना तोंडी पटेना, म्हणून मागचं चाक दाखवलं. शेडमध्ये कोरडी लादी आहे, त्यावर गाडी येताना लाल चिखलाचा ठसा उमटलेला होता. मधोमध एक पट्टा, माझ्या पसरलेल्या पंज्याएवढा, ठळक, एकेक ठोकळा मोजता येईल असा, आणि दोन्ही कडांना नुसती पुसट रेघ. शेजारी सकाळच्या एका गाडीचा ठसा होता, कंपनीच्याच साइजच्या टायरचा, तो इकडून तिकडे एकसारखा लाल. ते खाली बसून बराच वेळ दोन्ही ठसे बघत राहिले. मग हळूच म्हणाले की राधानगरीच्या अलीकडे रस्त्यात पाणी साचलं होतं तिथे स्टेअरिंग एकदम हलकं झालं होतं, गाडी तरंगल्यासारखी वाटली, बायको ओरडली, पण त्यांना वाटलं वेग जास्त होता.

वेग असेलच. पण पावसाचं गणित टायरवाल्याने सांगायलाच पाहिजे असं मला मनापासून वाटतं. टायर जितका रुंद तितकं जास्त पाणी त्याला पुढून बाजूला सारावं लागतं, गाडीचं वजन तर तेवढंच राहतं, ते जास्त जागेवर पसरतं, त्यामुळे पाण्याला कापून खाली रस्त्यापर्यंत पोचायला तो कमी पडतो. कोरड्या रस्त्यावर रुंद टायर पकडतो, कोण नाही म्हणतोय. पण जिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि हायवेला जागोजागी पाणी उभं असतं तिथे चार महिने हा हिशोब उलटा होतो, आणि तेच चार महिने लोकं सगळ्यात जास्त माणसं भरून गावाला येतात.

एवढं बोलून होईपर्यंत मला वाटत होतं की ठीक आहे, समजावलं, आता प्लॅस्टिक कापायचं नाही एवढं सांगून सोडू, हळू जा म्हणू. मग मी काढलेलं चाक उलटं केलं, आतली बाजू वर, आणि पोराला म्हटलं बॅटरी आण.

आतल्या साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, गोल गोल एक पट्टा पडला होता, दोन बोटं रुंद. रबर रंध्याने तासावं तसं सपाट झालेलं, चकचकीत, आणि एका ठिकाणी, टीचभर लांबीत, रबर संपून आतली दोऱ्याची जाळी दिसत होती. मी नख फिरवलं तर दोरे सुटे लागले हाताला. मग गाडीखाली डोकं घालून बघितलं. सस्पेन्शनच्या आर्मची कड जिथे चाकाकडे तोंड करून आहे तिथे ती चांदीसारखी चमकत होती, आणि त्याच्या वर ब्रेकचा रबरी पाइप, त्याच्यावरची काळी साल एका बाजूने गुळगुळीत झालेली. फाटला नव्हता. पण घासायला लागला होता.

माझ्या अंगावर काटा आला, खरंच सांगतो. फोंडा घाटात खाली उतरताना वळणावर डाव्या चाकावर सगळं वजन येतं, आत सात माणसं, वर सामान, आणि तो टायर प्रत्येक वळणाला आर्मवर घासत आला होता.

असं का झालं तेही सांगतो. मूळ टायर ह्या रिमवर साधारण २३० मिलिमीटर भरतो, हा २५०. वीस मिलिमीटरचा फरक, दहा बाहेर, दहा आत. बाहेरचे दहा सगळ्यांना दिसतात आणि आवडतात, आतले कोणी बघत नाही. त्यात हा टायर उंचीलाही वाढला. २३५ चे ६५ टक्के म्हणजे बाजूची भिंत १५३ मिलिमीटर, २६५ चे ६५ टक्के १७२. पूर्ण चाक ७३७ मिलिमीटरवरून ७७६ वर गेलं. जवळजवळ चार सेंटिमीटर. म्हणून पुढून मागून प्लॅस्टिकला लागतं, आणि म्हणूनच मीटरवर जिथे आधी ८० दिसायचं तिथे आता ७६ दिसतं, माणसाला वाटतं आपण हळू चाललोय. अ‍ॅव्हरेज १३ वरून साडेअकरावर आलं अशी त्यांची तक्रार होतीच, त्यातलं थोडं मीटरच कमी किलोमीटर मोजतो म्हणून, हिशोबाने ते १२ च्या जरा वर निघतं, पण बाकीचं खरंच गेलेलं, जड टायर फिरवायला डिझेल लागतंच.

मी त्यांना हात धरून खाली वाकवलं, बॅटरी मारली, पाइप दाखवला. ते काही बोलले नाहीत. उठले तेव्हा चेहरा पांढरा पडला होता. "कापायचं नाही काही," मी म्हटलं, "आणि ह्या टायरवर मी तुम्हाला इथून सोडणार पण नाही. रागवा तर रागवा."

तेव्हा ते थोडे चिडलेच, मला राग नाही त्याचा, चाळीस हजाराच्या वर मोजलेले होते, सण तोंडावर, मुलं रडत होती. म्हणाले रस्त्यावर निम्म्या गाड्या अशाच फिरतात, सगळे लावतात. मी म्हटलं लावतात ना, ज्यांना लावायचे त्यांनी रिम पण बदलावी, रुंदी आणि ऑफसेट, म्हणजे चाक किती आत-बाहेर बसतं ते, दोन्ही जुळवून, कंपनी त्याच गाडीच्या वरच्या मॉडेलला कुठली साइज देते ते बघून. गाडीची रिम सातची असती तर मीच त्यांना २५५/६० लावून दिला असता, त्याचा व्यास मूळ टायरपेक्षा अर्धा मिलिमीटरच जास्त, रुंद पण दिसतो आणि मीटर पण बिघडत नाही. पण साडेसहाला नाही. आणि कंपनीने दिलेल्या मापाबाहेर गेलं की मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, गाडीत फेरफार करण्याबद्दलचं, उद्या काही झालं तर विमावाला पहिलं तेच काढतो.

आजी एव्हाना उतरून आत बाकावर बसल्या होत्या. मी चहा दिला. म्हणाल्या, "बाबा, सकाळी शाळेतसून गणपती हाडूचो आसा, तेवढा बघ." आमच्याकडे मूर्ती बनवतात त्या जागेला गणपतीची शाळा म्हणतात. मी म्हटलं, "आजी, गणपती येळेर येतलो, तुमी बसा."

बोललो खरा, पण स्टॉकला २३५/६५ आर १७ दोनच होते. कोल्हापूरला फोन केला, टेम्पो सकाळीच निघून गेलेला, पुढचा सणानंतर. कुडाळात एकाकडे एक होता, तो २१५ चा निघाला. त्यांच्या गाडीखाली स्टेपनी बघितली, ती मूळची २३५ ची, एकदाही रस्त्याला न लागलेली. तीन झाले. स्टेपनी हा शब्द आला कुठून माहितीय, वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून, १९०४ च्या सुमारास तिथे जादाचं चाक बनवायचे, तिथे आता कोणी हा शब्द वापरत नाही आणि आपल्याकडे पंक्चरवाल्या पोराच्या पण तोंडात आहे. त्या दिवशी मला अजून एक स्टेपनी पाहिजे होती.

जानवलीच्या बाजूला आमचे एक जुने गिऱ्हाईक आहेत, खानावळ चालवतात, त्यांच्याकडे हीच गाडी. फोन केला, सगळं सांगितलं. पलीकडे भांड्यांचा आवाज, नैवेद्याची तयारी चालू असणार. म्हणाले, "पोराक धाड, स्टेपनी काढून घे, पाच दिवसांनी दी." एवढंच. ओळख ना पाळख, पुण्याच्या माणसासाठी. पोरगा भर पावसात बाइकवर गेला आणि पाऊण तासाने चाक मागे बांधून आला.

आल्यावर आधी वाचून घेतलं. साइज तीच, भार १०८, म्हणजे एका टायरला हजार किलो, स्टिकरवर पण १०८. तारखेचे चार आकडे २३२१, म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा, त्यांच्या स्टेपनीपेक्षा चारच महिन्यांनी मोठा, कुठे चीर नाही. पुढे दोन नवे, मागे दोन स्टेपन्या, नक्षी सारखीच निघाली हे नशीब. ब्रेकचा पाइप शेजारच्या मेकॅनिककडून बदलून घेतला, ब्रेकमधली हवा काढली. बॅलन्सिंग, अलाइनमेंट, नट टॉर्क पान्याने. मग स्टेअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण कापून मी आर्म आणि टायरच्या मधे पट्टी धरली. चौदा मिलिमीटर. त्यांना पण हाताने बघायला लावलं, आजींना पण दाखवलं, त्या म्हणाल्या आता रडत नाय.

एकच धाकधूक होती, स्टेपनी एकही उरली नव्हती. माझा नंबर दिला, आचऱ्यापर्यंत कुठेही काही झालं तर फोन करा म्हटलं, रात्री साडेआठला फोन आला, पोचलो. तेव्हा मी जेवायला बसलो.

पाचव्या दिवशी विसर्जन करून ते आले. कोल्हापूरहून दोन टायर आलेले होते, ते मागे लावले, त्यांची स्टेपनी जागेवर गेली. दुसरी परत द्यायला ते स्वतः जानवलीला गेले, आजी पण गेल्या, पातेलंभर मोदक घेऊन. बाकीच्या तीन २६५ ना मी गिऱ्हाईक बघून दिलं, कुडाळच्या एकाच्या पिकअपला आठची रिम होती आणि कंपनीची साइज तीच, चाकं काढून खात्री केली मगच दिले, पैसे पुण्याला पाठवले.

राहिला तो डावा पुढचा. असा टायर भंगारात गेला की कोणीतरी आतून पॅच मारून, काळं पॉलिश लावून परत विकतो, मी बघितलंय. म्हणून कटरने साइडवॉल आरपार चिरली, तीन ठिकाणी. मालवणचा एक होडीवाला दर पावसाळ्यानंतर जुने टायर न्यायला येतो, होडीच्या बाजूला दोरीने बांधायला, धक्क्याला लाकूड आपटू नये म्हणून. ह्या वेळी त्याने तोच उचलला. गेल्या महिन्यात मालवण जेट्टीवर गेलो होतो तेव्हा दिसला, निळ्या होडीला लटकलेला, जाड ए/टी नक्षीत शिंपले अडकलेले, आणि घासलेली बाजू बाहेर.