सांगली ते कच्छ: शार्कचे दात शोधायला जाताना

सातारा-सांगलीच्या काळ्या कातळात शार्कचा जीवाश्म दात सापडणार नाही. हा सगळा लाव्हा. खाणीवर 'दात' म्हणून दाखवतात ते बहुतेक कॅल्साइटचे टोकदार स्फटिक. लिंबू पिळा, बारीक बुडबुडे येतील.

म्हणून पश्चिम कच्छ, तिथे जुन्या समुद्रात साचलेले थर आहेत. गांधीधामची साप्ताहिक गाडी मिरजेवरून मिळते; पुढे भुज, तिथून जीप. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरं: पावसाने नवे थर उघडे पडलेले असतात आणि ऊन सोसवतं. शोधायचे ते खारी नदी आणि छसरा या नावांचे मायोसीन थर, वय साधारण २ कोटी वर्षं. छसराच्या थरात टरिटेलाचे, म्हणजे लांब, पिळाचे, टोकदार शंख भरपूर दिसतात.

मेगालोडॉन या नामशेष महाकाय शार्कचा तळहाताएवढा दात डोक्यातून काढून टाका. त्यासाठी ओडिशातलं बारीपदा प्रसिद्ध, आणि तिथेही तो सहज मिळत नाही. इथे हाती येतात ते बहुतेक १-२ सेंटिमीटरचे. हेमिप्रिस्टिस या शार्कचा वरच्या जबड्यातला दात ओळखायला सोपा: वाकडा, कडांना मोठे दाते, टोक मात्र गुळगुळीत. मेगालोडॉनच्या कडेचे दाते बारीक आणि एकसारखे असतात.

सकाळच्या तिरप्या उन्हात, सूर्य समोर ठेवून, उताराच्या पायथ्याशी बघत चला. हमखास फसवतं ते जिप्सम. त्याचे पापुद्रे दातासारखेच चमकतात. नखाने ओरखडलं तर जिप्सम. हातोडी नको, दाताचं मूळ सच्छिद्र असतं आणि आधी तेच तुटतं. चाळायचं असेल तर २ मिलिमीटरची जाळी. ओली चिकणमाती जाळीत बसते. ढेकळं आधी कडक वाळवून मग पाण्यात टाका, आपोआप फुटतात.

नारायण सरोवर अभयारण्यातून काहीही उचलू नका. लिग्नाइटच्या खाणीत परवानगीशिवाय शिरू नका, शेतात मालकाला विचारल्याशिवाय नाही. सीमा जवळ आहे: ओळखपत्र खिशात, ड्रोन घरी.

भेगाळलेल्या दाताला फेविक्विक लावतात, आणि मग ते निघता निघत नाही. अॅसिटोनमध्ये ५ टक्के पॅरालॉइड बी-७२ (अॅक्रिलिक राळ) विरघळवून ब्रशने लावा. नको झालं तर अॅसिटोननेच उतरतं. कापसाचे धागे कडांच्या दात्यांत अडकतात, त्यामुळे टिश्यूत गुंडाळून गोळ्यांच्या डबीत ठेवा. आत चिठ्ठी हवी: जागा, थर, तारीख. पेन्सिलने लिहा, शाई ओलीने पसरते.