तुम्ही विचारलंत म्हणून: आता फादर कुणाचे?

शेजारशेजारच्या तीन कॅथलिक धर्मग्रामांची (पॅरिशची, म्हणजे एकेका चर्चभोवतीच्या श्रद्धावंतांच्या समुदायांची) संयुक्त समिती झाली आणि तिच्यात माझं नाव आलं. तेव्हापासून मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, संपली की कुणी ना कुणी मला बाजूला घेतंच. प्रश्न तोच असतो. "चर्च तीन आणि फादर एक. मग ते नक्की कुणाचे? आमच्या वाट्याला किती येणार?"

माझं उत्तर पुष्कळांना रुचत नाही, तरी देते. फादरांची समान वाटणी करायला जाऊ नका. तिन्ही चर्चना सारखे तास, सारख्या मिस्सा, सारख्या भेटी, असा हिशोब कागदावर न्याय्य दिसतो. प्रत्यक्षात फादर दिवसभर गाडीत असतात आणि कुठल्याच चर्चला ते पुरे मिळत नाहीत.

पण त्याआधी आपलं नेमकं काय झालंय हे विचारून घ्या, कारण "धर्मग्राम एकत्र येणार" या एका वाक्यात दोन अगदी वेगळ्या गोष्टी मावतात. एका धर्मगुरूकडे एकच धर्मग्राम असावा, हा चर्चचा मूळ नियम. 1983 च्या कॅनन लॉचं (कॅथलिक चर्चच्या कायद्याचं) कलम 526 तेच सांगतं आणि लगेच सूट देतं, की धर्मगुरू कमी असतील तर शेजारचे अनेक धर्मग्राम एकाकडे सोपवता येतात. तेव्हा धर्मग्राम वेगळेच राहतात. प्रत्येकाची नोंदवही वेगळी, अर्थ समिती वेगळी, दानपेटीतला पैसाही वेगळा. विलीनीकरण ही दुसरी गोष्ट. त्यात जुने धर्मग्राम कायद्याने संपतात, नवा उभा राहतो आणि मालमत्ता त्याच्याकडे जाते. देणगीदारांनी घातलेल्या अटी मात्र पाळाव्याच लागतात. हा निर्णय फक्त बिशप (धर्मप्रांताचे, म्हणजे अनेक धर्मग्रामांच्या प्रदेशाचे प्रमुख) घेऊ शकतात, तोही धर्मगुरूंच्या परिषदेचं म्हणणं ऐकून. निर्णय पटला नाही तर फेरविचाराची लेखी विनंती करायला 10 दिवस मिळतात, त्यापुढे रोमकडे, म्हणजे व्हॅटिकनकडे, दाद मागता येते. ही मुदत लोकांना ठाऊक नसते आणि चर्चा करता करता निघून जाते.

रोम अशा वेळी खरंच लक्ष घालतं. जर्मनीतल्या ट्रिअर धर्मप्रांताने सुमारे 900 धर्मग्रामांचे 35 मोठे धर्मग्राम करायचं ठरवलं होतं. 2019 च्या अखेरीस रोमने ती अंमलबजावणी थांबवली आणि पुढे ती योजना त्या स्वरूपात झाली नाही. जुलै 2020 मध्ये व्हॅटिकनने धर्मग्रामांविषयी एक सूचनापत्र प्रसिद्ध केलं. धर्मगुरूंची कमतरता किंवा धर्मप्रांताची एकूण आर्थिक स्थिती एवढंच कारण धर्मग्राम बंद करायला पुरेसं नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. म्हणजे फादर कमी आहेत म्हणून एकमेकांचा हात धरायचा, एकमेकांना पुसून टाकायचं नाही.

आता रविवार. सगळी भांडणं रविवारचीच असतात. धर्मगुरूने दिवसाला एकच मिस्सा करावी, हा सामान्य नियम. धर्मगुरू कमी असतील तर बिशप दोनची परवानगी देऊ शकतात, आणि रविवारी किंवा सक्तीच्या सणाला, खरीच गरज असेल तर, तीनची. तीन ही शेवटची मर्यादा आहे, रोजचा रतीब नव्हे. एक मिस्सा तासाभराची धरा. तिच्याआधी पापनिवेदनाला बसणं, नंतर दारात लोकांशी दोन शब्द, मग पुढच्या चर्चचा रस्ता. तिसऱ्या वेदीवर पोचलेल्या माणसाच्या प्रवचनात काय उरणार? शनिवारी संध्याकाळच्या मिस्साने रविवारी मिस्सेला हजर राहण्याचं कर्तव्य पूर्ण होतं, म्हणून एका चर्चची मिस्सा शनिवारी आणि दोघांची रविवारी, असं बसवता येतं. पण एकदा ठरलेली वेळ हलवू नका. दर महिन्याला वेळा फिरवल्या की सगळ्यांना समान त्रास होतो एवढंच. वयस्क माणसं चुकीच्या वेळी येऊन बंद दार पाहतात आणि हळूहळू येईनाशी होतात. गैरसोयीची पण पक्की वेळ परवडते.

पवित्र सप्ताहात, म्हणजे पास्काआधीच्या (ईस्टरआधीच्या) आठवड्यात, तर मी याहून पुढे जाईन. पवित्र गुरुवार, उत्तम शुक्रवार आणि पास्काची जागरणविधी तिन्हीकडे घाईघाईत उरकण्यापेक्षा एका चर्चमध्ये सगळ्यांनी मिळून कराव्यात. लहान समुदायांनी या दिवसांत मोठ्या चर्चमध्ये एकत्र यावं, असं रोमने 1988 च्या पत्रातही सुचवलं होतं. गायकवृंद एक होतो, वेदीसेवक पुरे पडतात, आणि जी माणसं वर्षभर एकमेकांना "त्या चर्चची" म्हणत होती ती एकाच पास्कामेणबत्तीवरून आपली मेणबत्ती पेटवतात.

मग फादरांनी करायचं काय? जे दुसरं कुणीच करू शकत नाही ते. मिस्सा, पापनिवेदन, रुग्णाभ्यंग (आजाऱ्यांना पवित्र तेल लावण्याचा विधी). बाप्तिस्मा, विवाह आणि दफनविधी डीकनही (धर्मगुरूंच्या खालच्या पायरीचे दीक्षित सेवकही) करू शकतात. आजाऱ्यांना घरी ख्रिस्तप्रसाद नेणं, धर्मशिक्षण, दाखल्यांची कागदपत्रं, छपराची गळती, हॉलच्या चाव्या ही कामं नेमलेल्या श्रद्धावंतांची. तरीही कुठल्याही चर्चमध्ये पाहा, फादरांचा निम्मा आठवडा चाव्या आणि छपरातच जातो. तिन्ही ठिकाणच्या तीन पॅरिश कौन्सिल, तीन अर्थ समित्या आणि प्रत्येक बैठकीला अध्यक्ष तेच! धर्मग्राम वेगळे राहिले तरी बैठका एकाच दिवशी, एकामागोमाग, एकाच ठिकाणी घेता येतात. त्यातून वाचलेली संध्याकाळ आजाऱ्यांची असते.

कधी कधी दोन-तीन धर्मगुरू मिळून अनेक धर्मग्राम सांभाळतात. कायद्यात त्याची सोय आहे. सगळे सारखे जबाबदार, त्यांतला एक समन्वयक, आणि बिशपांना उत्तर तोच देतो. अमेरिकेतल्या पिट्सबर्ग धर्मप्रांताने ऑक्टोबर 2018 मध्ये 188 धर्मग्रामांचे 57 गट केले, तेव्हा अशा गटांवर धर्मगुरूंचे संघ नेमले होते. माझं मत विचाराल तर हे धर्मगुरू एका घरात राहत असतील, एकत्र जेवत आणि प्रार्थना करत असतील तरच ही व्यवस्था तग धरते. धर्मगुरूंना एकत्र राहायची मुभा कायदा देतो. तीन रिकाम्या घरांत तीन एकटी माणसं ठेवून "आमच्या घरात फादर राहतात" हे समाधान मिळतं, पण त्यांच्या एकटेपणाची किंमत कुणी मोजत नाही. मला याचं मनापासून वाईट वाटतं.

आणि ते कुणाचे, याचं उत्तर कायद्यातच आहे. प्रमुख धर्मगुरूने दर रविवारी आपल्या लोकांसाठी एक मिस्सा अर्पण करायची असते. त्यांच्याकडे अनेक धर्मग्राम असले तरी ती मिस्सा एकच, सोपवलेल्या सगळ्या लोकांसाठी. तुमच्या चर्चची वेगळी, आमची वेगळी असं नसतं. त्या रविवारी ती कुठल्या वेदीवर झाली याने काही बिघडत नाही; तुम्ही तिथे हजर नसलात तरी ती तुमच्यासाठीच असते.

तेव्हा पहिल्या संयुक्त बैठकीत "आम्हाला किती मिस्सा" हा विषय शेवटी घ्या. आधी हे ठरवा, की रात्री दोन वाजता कुणाचं माणूस शेवटच्या घटका मोजत असेल, तर तिन्ही धर्मग्रामांतल्या लोकांनी कोणत्या एका नंबरवर फोन करायचा, आणि फादर दुसरीकडे असतील तर शेजारच्या कुठल्या धर्मगुरूंना बोलवायचं. तो नंबर तिन्ही चर्चच्या दारांवर मोठ्या अक्षरांत लावा.