वार बघितला, तिथी राहिली

आम्ही लोकांना ट्रिपचे मार्ग आणि मुक्काम ठरवून देतो. शेड्युल एका आडव्या कागदावर बसवतो. वार, किलोमीटर, सूर्यास्ताची वेळ, मुक्काम असे रकाने असतात आणि शेवटचा रकाना ‘नाही जमलं तर’ असा असतो. तो भरल्याशिवाय मी कागद पार्टीला पाठवत नाही. २ ऑक्टोबर २०२४ च्या बुधवारी त्या रकान्यापर्यंत जायची वेळ आली. तो दिवस बिघडला तो मात्र माझ्या चुकीने.

पार्टी नागपूरची होती. अकरा माणसं, स्वतःच्या दोन सात-सीटर गाड्या, चालवणारे दोघे भाऊ. बरोबर तीन ज्येष्ठ, त्यातल्या आजी अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आणि गुडघ्याने अधू. समृद्धीवरून छत्रपती संभाजीनगरला यायचं, मराठवाडा उतरत तुळजापूर-नळदुर्गपर्यंत जायचं आणि लातूर-नांदेडवरून यवतमाळमार्गे घरी. सात मुक्काम. आम्ही फक्त मार्ग आणि मुक्काम ठरवून देणार आणि फोनवर सोबत राहणार.

मराठवाड्याचं शेड्युल वारापासून सुरू होतं. अजिंठा सोमवारी बंद असतं, वेरूळ मंगळवारी. तुळजापूरला मंगळवार, शुक्रवार, रविवार आणि पौर्णिमा टाळायची, कारण त्या दिवशी म्हाताऱ्या माणसाला रांगेत उभं करणं बरोबर नाही. म्हणून शनिवारी अजिंठा, रविवारी वेरूळ आणि तुळजापूर बुधवारी, असं गणित बसवलं. पहिले तीन मुक्काम संभाजीनगरच्या एकाच हॉटेलात ठेवले. अजिंठा शंभर किलोमीटर, वेरूळ तीस. दोन्हीकडून रात्री परत येता येतं आणि बॅगा रोज उघडाव्या-बांधाव्या लागत नाहीत. ज्येष्ठ माणसं प्रवासापेक्षा त्या बॅगांनीच जास्त थकतात.

मग अंतर. मोबाइलचा नकाशा जो वेळ दाखवतो त्याला मी १.३ ने गुणते. चारपदरीवर ताशी ६० ची सरासरी धरते, दुपदरीवर ४० आणि घाटात किंवा बाजाराच्या गावातून २५. दर दोन तासांनी वीस मिनिटांचा चहा, आणि दिवसाला एक तास पूर्ण रिकामा. त्या तासात काहीच ठेवायचं नाही. पार्टीला तो वाया गेल्यासारखा वाटतो, म्हणून त्यांच्या कागदावर मी तो जेवणाच्या वेळेतच मिळवून टाकते.

चांगला रस्ता कुठला हे नकाशा सांगतो, पण तो कधी करायचा ते मुक्काम ठरवतो. मुक्काम घाटाच्या अलीकडे घ्यावा, पलीकडे नाही. पैठणहून पाचोडमार्गे सोमवारी संध्याकाळी बीडला मुक्काम टाकला, तो एवढ्यासाठीच. मंगळवारी सकाळी ताज्या डोळ्यांनी मांजरसुंब्याचा घाट आणि कपिलधार करायचं, धबधबा बघून मन्मथस्वामींच्या समाधीचं दर्शन घ्यायचं, मग नेकनूर-केजवरून अंबाजोगाई गाठायची. अंबाजोगाईचाच हट्ट धरून सोमवारी पुढे दामटलं असतं, तर हाच बालाघाट डोंगरातला घाट अंधारात समोरच्या ट्रकच्या लाल दिव्यांकडे बघत गेला असता. सौताड्याचा धबधबा त्यांना फार हवा होता. पण मांजरसुंब्यापासून सौताडा पश्चिमेला पाटोद्याच्या पुढे आणि अंबाजोगाई पूर्वेला, शिवाय तिथे दरीत उतरायला पायऱ्या. तो मी काढून टाकला. दिवाळीनंतरची ट्रिप असली तर अंधाराच्या आत मुक्कामाला पोचण्याबाबत आणखी कडक राहावं लागतं. ऊसतोड सुरू झाली की दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर रात्रभर रस्त्यावर असतात आणि मागच्या ट्रॉलीला बहुतेक वेळा दिवाच नसतो.

हे सगळं २० सप्टेंबरला निघायचं म्हणून बसवलं होतं. घरातल्या मुलाची परीक्षा आली आणि त्यांनी ट्रिप बरोबर एक आठवडा पुढे ढकलली. वार तेच राहिले. मी मुक्कामांच्या तारखा बदलून घेतल्या, सूर्यास्त पाच-सहा मिनिटांनी अलीकडे घेतला आणि कागद तसाच पाठवला. भिंतीवरच्या कॅलेंडरवर २ ऑक्टोबरच्या चौकटीत सर्वपित्री अमावास्या आणि शेजारच्या चौकटीत घटस्थापना लिहिलेली होती. मी वार बघितला, तिथी बघितली नाही.

बुधवारचा बेत असा होता: अंबाजोगाईहून लातूर, औशावरून लामजन्याकडे खरोसा लेणी, मग किल्लारी, उमरग्याला राष्ट्रीय महामार्ग ६५ धरायचा आणि नळदुर्गचा किल्ला बाहेरूनच ठेवून तुळजापूरला मुक्काम. पावणेआठला गाड्या निघाल्याचा फोन आला. रात्री पाऊस झालेला, आता उघडीप. सव्वानऊला लातूरला नाश्ता, पावणेअकराला खरोसा. ही लेणी जांभ्या खडकातली आहेत, पावसाळ्यानंतर पायऱ्यांवर शेवाळ असतं. म्हणून ज्येष्ठांनी खालीच थांबायचं असं कागदावर आधीच लिहिलेलं होतं.

त्या दिवशीच्या मुक्कामाला आम्ही दुपारी बाराच्या आत फोन करतो. पैसे भरलेले असले तरी करतो. खोली आहे ना, गाडी लावायला जागा आहे ना, लिफ्ट चालू आहे ना, एवढे तीनच प्रश्न. अकरा वीसला तुळजापूरला फोन लावला. तिकडच्या माणसाने सांगितलं, “ताई, खोल्या हायत तुमच्या, त्याची काळजी नका करू. पण ज्योत न्यायला गावोगावची पोरं यायलेत. पोलीस गाड्या आत सोडीनात. बाहेर पार्किंगला लावून चालत यावं लागंल.”

तेव्हा लक्षात आलं. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी गावोगावच्या मंडळांची पोरं टेम्पो-मोटारसायकलींनी तुळजापूरला येतात, देवीच्या दारात ज्योत पेटवतात आणि अनवाणी धावत ती आपल्या गावी नेतात. लातूरकडे, सोलापूरकडे, नळदुर्गाकडे, सगळ्या दिशांना रात्रभर. गर्दी हा अडचणीचा अर्धाच भाग झाला. अंधारात रस्त्याच्या कडेने धावणारी पोरं, त्यांच्यामागे रांगणारा टेम्पो, समोरून येणारे दिवे. अशा रस्त्यावर नवख्या ड्रायव्हरला संध्याकाळी सहानंतर पाठवायचं नसतं. दुसऱ्या दिवशीचं दर्शन तर विसरायलाच हवं होतं.

कागद पुढे ओढला. शेवटच्या रकान्यात मी ‘सोलापूर’ लिहून ठेवलं होतं. मोठं शहर, हॉटेलं भरपूर, म्हणून लिहिलेलं. पण मोजल्यावर ते बसेना. उमरग्यापासून सोलापूर सुमारे ९५ किलोमीटर. म्हणजे नळदुर्ग ओलांडून अंधारात अवजड वाहनांच्या रांगेतून जायचं आणि सकाळी नळदुर्गासाठी पन्नास किलोमीटर मागे यायचं. लातूरला परत फिरणं सगळ्यात सोपं, पण मग नळदुर्ग गेलं. सप्टेंबर-ऑक्टोबरात मराठवाडा करायचा आणि बोरी नदीचे नर-मादी धबधबे सोडायचे, हे मला पटेना. किल्ल्यातल्या पाणी महालावरून पाणी पडताना वर्षातून थोडेच दिवस दिसतं.

मग उमरग्यावर बोट ठेवलं. ते गाव त्यांच्या वाटेवर दोनदा येत होतं, आणि हे मी आधी मोजलंच नव्हतं. बुधवारी तिथे पोचायचं. गुरुवारी चालती-फिरती माणसं एका गाडीत सकाळी नळदुर्गला जातील, जायचे-यायचे ९० किलोमीटर. बाराच्या चेकआउटपर्यंत ती परत येतील. आजी आणि बाकीचे ज्येष्ठ खोलीवर आराम करतील, बॅगा तिथेच. मग सगळ्यांनी मिळून लातूरमार्गे नांदेड, साधारण २१० किलोमीटर. मूळ शेड्युलात गुरुवार आजींसकट सगळ्यांना २८५ किलोमीटरचा होता. रस्ता जिथे इंग्रजी टी अक्षरासारखा फुटतो, तिथे मुक्काम फाट्यावर करावा, टोकाला नाही. मी तो टोकाला केला होता.

उमरग्याला हायवेलगतच्या लॉजला फोन केला. “चार खोल्या देतो ताई. पण सातच्या आत माणसं आली पायजेत, आज रस्त्यावरचं गिऱ्हाईक लई हाय.” निम्मे पैसे लगेच पाठवले. तळमजल्यावरची एक खोली आणि गाड्या आवारात, हे दोन्ही व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घेतलं. तोंडी कबुली संध्याकाळपर्यंत टिकत नाही.

मोठ्या भावाला साडेबाराला सांगितलं. चूक माझी आहे हेही सांगितलं. त्यांचं पहिलं वाक्य, “आईला काय सांगू? ती तुळजापूरसाठीच तर आली आहे.” त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

किल्लारीला ते दीडच्या सुमारास पोचले. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाच्या स्मृतिदिनाला दोनच दिवस झाले होते. स्मारकापाशी फुलं अजून होती, असं धाकट्या सूनबाई म्हणाल्या. जेवण करून अडीचला निघाले आणि इथे दुसऱ्या गाडीने नकाशाचं ऐकलं. सात मिनिटं वाचतात म्हणून आतला रस्ता धरला. तीन दहाला फोटो आला. ओढ्यावरचा नळकांडी पूल, त्यावरून चहाच्या रंगाचं पाणी, कडेच्या पांढऱ्या दगडांची फक्त टोकं वर. “एक फूटभरच दिसतंय, काढू का?”

एक फूट वाहतं पाणी लहान गाडी आडवी सरकवतं. पाण्याखाली डांबर शिल्लक आहे की भराव वाहून गेला आहे, ते वरून कळत नाही. आणि पाणी चढतंय की उतरतंय हे एका फोटोवरून ठरत नाही. कडेला काडी रोवून पंधरा मिनिटं बघावं लागतं. मी सांगितलं, थांबूही नका, आलात तसे मागे फिरा.

फिरताना एसटीला वाट द्यायला त्यांनी डावी चाकं डांबराखाली उतरवली आणि गाडी काळ्या मातीत बसली. आपल्याकडची ही मातीच अशी, वरून सुकून पापुद्रा धरते आणि खाली लोणी असतं. अशा वेळी अ‍ॅक्सिलरेटर दाबला की चाक स्वतःचा खड्डा खणतं. माणसं उतरवायला लावली. रुतलेल्या चाकांपुढे पायपुसणी आणि शेतकऱ्याकडून मागितलेली रिकामी पोती अंथरली, दुसऱ्या गिअरला हळू क्लच सोडून बघितलं. नाही निघाली. सोयाबीनची काढणी चालू असल्याने ट्रॅक्टर जवळच होता. दोर बंपरला बांधायला निघाले होते, तेव्हा फोनवरच थांबवलं. जॅकच्या पिशवीत एक जाड आकडा असतो. पुढच्या बंपरवरचं छोटं झाकण उघडून तो आटे पूर्ण बसेपर्यंत फिरवायचा आणि दोर त्यालाच. माणसांनी दोरापासून लांब उभं राहायचं, तुटला तर तो चाबकासारखा फिरतो. ट्रॅक्टरवाल्या दादांनी सरळ रेषेत, झटका न देता ओढलं. पैसे घेतले नाहीत, पोती तेवढी झटकून परत मागितली.

यात पन्नास मिनिटं गेली. रिकामा ठेवलेला तास यासाठीच असतो. पाच वाजून पंचवीस मिनिटांनी दोन्ही गाड्या लॉजच्या आवारात होत्या. सूर्यास्त सव्वासहाच्या आसपास.

रात्री नऊच्या पुढे सूनबाईंचा फोन आला. आवाजात ढोलाचा गलका. हायवेवरून एका मंडळाची ज्योत चालली होती आणि आजी तळमजल्याच्या खोलीतून चपला न घालता बाहेर आल्या होत्या. ज्योत थांबवत नाहीत, पोरं पळतच असतात. लॉजवाल्यांच्या घरच्या बायका धावणाऱ्यांच्या पायांवर पाणी घालत होत्या, त्यांनी आजींच्याही हातात एक तांब्या दिला.

गुरुवारी साडेआठला सहा जण नळदुर्गच्या दारात होते. नर-मादी दोन्ही वाहत होते. पावणेबाराला ते उमरग्याला परतले, पावणेसहाला सगळे नांदेडला. शुक्रवारच्या बेतात माहूर होतं, रेणुकेचं. नवरात्रातला शुक्रवार. ते मी बुधवारी दुपारीच कागदावरून खोडलं होतं आणि त्यांना सकाळी गुरुद्वारा करून थेट यवतमाळचा रस्ता धरायला सांगितलं.