पिंग येतोय, सही येत नाही

सातारा जिल्ह्यातल्या त्या बँकशाखेची एमपीएलएस लाइन, म्हणजे मुख्य कार्यालयाला जोडणारी खाजगी लाइन, रस्ता रुंदीकरणाच्या जेसीबीने आदल्या संध्याकाळी तोडली होती. यात नवीन काहीच नाही. असल्या प्रसंगासाठी शाखेत फायबर ब्रॉडबँडचं दुसरं कनेक्शन आहे आणि त्यावरून मुख्य कार्यालयापर्यंत आयपीसेकचं टनेल, म्हणजे इंटरनेटवरून जाणारा कुलूपबंद मार्ग, आहे. राउटरने ट्रॅफिक आपसूक तिकडे वळवलं. मॉनिटरिंगवर शाखा हिरवी. या सहकारी बँकेचं वॅन, म्हणजे शाखांना जोडणारं नेटवर्क, मी पुण्यात बसून सांभाळतो.

शाखा उघडली आणि मॅनेजर मॅडमचा फोन आला. "अहो सर, लॉगिन होतंय, बॅलन्स दिसतोय, पण ग्राहकाची सही उघडत नाही. चेक घेऊन लोक थांबलेत. सही न बघता पैसे कसे देऊ?"

मी पिंग लावला, म्हणजे छोटी चाचणी पॅकेटं पाठवून उत्तर येतं का पाहिलं. एकही पॅकेट गळलं नाही, वेळही झकास. ब्रॉडबँडवाल्याला विचारलं तर नेहमीचं उत्तर: "आमच्याकडून लाइन क्लिअर आहे." सॉफ्टवेअरवाले म्हणाले, बाकी शाखांत सही दिसते, म्हणजे नेटवर्क बघा. सगळे आपापल्या जागी बरोबर होते आणि काउंटरवरची रांग वाढत होती.

मॅडमना फोनवर ठेवून एकेक स्क्रीन उघडायला सांगितली. खाते क्रमांक टाकला, नाव आलं. शिल्लक आली. सहीवर क्लिक केलं की पांढरी चौकट, आत गोल फिरणारं चिन्ह, आणि मिनिटभराने एरर. दिवसाचा अहवालही तसाच अडकायचा. थोडक्यात, जे लहान ते पोचत होतं, जे मोठं ते नाही. इथे मला एमटीयूचा, म्हणजे एका पॅकेटाच्या कमाल आकाराचा, वास आला.

क्लासमध्ये आम्ही सिरियल केबल जोडून क्लॉक रेट ६४००० टाकायला शिकलो, फ्रेम रिले या जुन्या तंत्राचे डीएलसीआय नावाचे क्रमांक पाठ केले. त्या फ्रेम रिलेचं तोंड नोकरीत कधी पाहिलं नाही. एमटीयूला मात्र वहीत अर्धं पान. टनेल उभं कसं करायचं हे सगळे शिकवतात, उभं असूनही ते काम का करत नाही हे कोणी शिकवत नाही.

सर्व्हर बघणाऱ्या सहकाऱ्याला म्हटलं, सर्व्हरवरूनच शाखेकडे पिंग लाव, पण डीएफ (तुकडे करू नका) बिट लावून, म्हणजे वाटेत कोणी तुकडे करणार नाही. आकार १४७२. पॅकेटवर पत्त्यासारखे लागणारे आयपी आणि आयसीएमपी (पिंग वापरतो तो प्रोटोकॉल) हेडरचे २८ धरून बरोबर १५०० बाइट, इथरनेटची नेहमीची मर्यादा. काहीच उत्तर नाही. १३०० ठेवला, आला. १४००, गेला तो गेलाच. मग वरखाली करत १३७२ ला आला आणि १३७३ ला गप्प. १३७२ अधिक २८ म्हणजे १४००, टनेलवर आम्हीच ठेवलेला एमटीयू. ब्रॉडबँड वापरतं त्या पीपीपीओई प्रोटोकॉलचे ८ बाइट जाऊन १४९२ उरतात, त्यात टनेलच्या जीआरई आणि आयपीसेक या थरांचे हेडर मावले पाहिजेत, म्हणून तो १४०० ठेवलेला. एमपीएलएसवर टनेलच नव्हतं, १५०० चं पॅकेट सुखाने जायचं.

मग खटकत होतं ते एवढंच, की मोठं पॅकेट आलं तर राउटर सर्व्हरला "हे मावत नाही, लहान कर" असं आयसीएमपीने कळवतो. टाइप ३, कोड ४. ही पाथ एमटीयू शोधण्याची पद्धत १९९० पासून आरएफसी ११९१ या इंटरनेटच्या मानक दस्तऐवजात लिहिलेली आहे. आमचा राउटर ते कळवतही होता. पण सर्व्हर आणि राउटरच्या मधल्या फायरवॉलवर कोणीतरी सुरक्षेच्या नावाखाली पिंग सोडून बाकी सगळं आयसीएमपी बंद केलेलं. सर्व्हर बिचारा तेच मोठं पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत बसला होता. पिंगला दार उघडं, म्हणून आम्ही सगळे निर्धास्त. पिंग पूर्ण बंद असता तर निदान संशय तरी लवकर आला असता!

फायरवॉल माझ्या हातात नाही, राउटर आहे. शाखेच्या राउटरवर टनेल इंटरफेसला टीसीपी अ‍ॅडजस्ट-एमएसएस १३६० ही सेटिंग लावली. जोडणी होतानाच दोन्ही टोकांना कळतं की यापुढे १३६० पेक्षा मोठा डेटा एका पॅकेटात घालायचा नाही. ४० बाइट हेडरचे धरून १४०० होतात. मॅडम म्हणाल्या, "अजून तसंच आहे हो." जुन्या जोडण्यांना याचा उपयोग नसतो. सॉफ्टवेअर पूर्ण बंद करून परत लॉगिन करायला लावलं. पहिल्या खात्याची सही आली, थोडी तिरकी स्कॅन झालेली.

लाइन दुपारनंतर जोडली गेली आणि ट्रॅफिक परत एमपीएलएसवर गेलं, पण ती ओळ मी काढली नाही. उलट बाकी शाखांच्या राउटरवरही टाकली, कारण त्यांचं टनेल त्याच साच्यातलं. एमएसएसची मात्रा फक्त टीसीपी प्रोटोकॉलला लागू पडते, यूडीपी या दुसऱ्याला नाही, म्हणून फायरवॉल टीमकडे टाइप ३ कोड ४ उघडण्याचा चेंज रिक्वेस्ट टाकला. तिथून पहिला प्रश्न आला: "पिंग तर चालतोय ना, मग हे कशाला?" मी १३७२ आणि १३७३ चे दोन स्क्रीनशॉट जोडून पाठवले. मंजुरी पुढच्या आठवड्यात आली.