तुम्ही विचारलंत म्हणून: अळवाच्या पानासारखी भिंत

फोंड्यात मी विज्ञान शिकवतो. त्यामुळे मे सरत आला की शेजारपाजारचे विचारतात, "सर, अळवाचं पान भिजत नाही, मोरपिसाचं निळं विटत नाही. आमच्या भिंतीला असलं काही लावता येणार नाही का?" रंगवाल्या दुकानदाराने कान आधीच भरलेले असतात, हे वेगळं सांगायला नको.

प्रश्न मात्र नेमका आहे. दोन्हीकडे करामत अतिसूक्ष्म रचनेची आणि तिच्यात अडकलेल्या हवेची. अळवाच्या किंवा कमळाच्या पानावर बारीक उंचवटे असतात, त्यांवर मेणाचे त्याहून बारीक कण. थेंब शरपंजरी भीष्मासारखा नुसत्या टोकांवर टेकतो, खाली हवा. म्हणून तो गोल राहतो आणि घरंगळताना धूळ घेऊन जातो. बार्टलॉट आणि नाइनहुइस या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञांनी 1997 मध्ये हे कमळावर दाखवलं.

मोरपिसात तर निळं रंगद्रव्य नसतंच. असतात त्या मेलॅनिनच्या, म्हणजे आपले केस काळे करणाऱ्या द्रव्याच्या, काळपट कांड्या, जाळीसारख्या रचलेल्या. निळ्या भागात त्यांच्यातलं अंतर सुमारे 140 नॅनोमीटर (मिलिमीटरचा दहा लाखावा भाग म्हणजे एक नॅनोमीटर), हिरव्यात 150. एवढ्याशा फरकाने परतणारा प्रकाश बदलतो! पाचशेची नोट तिरकी केल्यावर तिच्यातला हिरवा धागा निळा दिसतो, तोही रचनेचाच खेळ. दक्षिण अमेरिकेतल्या मॉर्फो फुलपाखरात दोन्ही गुण एकाच खवल्यात आहेत. त्याच्या पंखावर पाणी ठरत नाही. पण अल्कोहोल टाकलं तर ते फटींत शिरतं, हवा जाते आणि निळा पंख हिरवा दिसतो. सुकला की पुन्हा निळा.

आता भिंत. कमळावरून बेतलेला बाहेरच्या भिंतींचा रंग जर्मनीत 1999 पासून मिळतो, म्हणजे थाप नाही. पण परसातलं अळवाचं पान घ्या, बोटाने जोरात चोळा आणि पाणी टाका. चोळल्या जागी ते चिकटतं, मेण गेलं. भांड्याच्या साबणाचा थेंब टाकलात तरी तेच. वाढत्या पानाला मेण पुन्हा येतं, डब्यातल्या रंगाला कुठून येणार? शिवाय आपल्याकडे नुसता पाऊस असता तर गोष्ट वेगळी. इथे हवाच ओली. वाफेचं त्या बारीक खाचांतच जाऊन पाणी झालं की खालची हवा संपते, आणि खुद्द कमळाचं पानही तिथे हरतं. चिऱ्यांच्या भिंतीत जमिनीतून चढणारी ओल तर आतून येते; तिला बाहेरचा लेप काय करणार?

तेव्हा पागोळ्या भिंतीवर येत असतील तर आधी छपराचं पाखं वाढवा, पन्हळ साफ करा. जुनी माणसं पावसाच्या बाजूला झावळ्यांचे झाप बांधत, त्यात काही कमीपणा नव्हता. एवढं करून पैसे उरले तर तो महागडा डबा आणा, माझी हरकत नाही. फक्त भिंत पुरती सुकल्याशिवाय लावू नका.