रोजनिशी: एक्सपी, ओएस ९ आणि मधला लिनक्स

दोन जुन्या मशीनवरच्या फाइली बाहेर काढायच्यात. विंडोज एक्सपीवाला टॉवर, मॅक ओएस ९ चा जुना मॅक आणि मधे लिनक्स टाकलेला लॅपटॉप, तिघंही एकाच नेटवर्क स्विचला जोडलेत आणि नेटची वायर मी मुद्दाम काढून ठेवलीये. एक्सपीला फाइल शेअरिंगच्या प्रोटोकॉलचं फक्त जुनं व्हर्जन, एसएमबी १, येतं, आणि २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस पसरला तो विंडोजच्या त्याच एसएमबी १ मधल्या त्रुटीतून. सांबाने (लिनक्सवरून विंडोजशी फाइल शेअर करायचं सॉफ्टवेअर) तर ४.११ व्हर्जनपासून ते बाय डिफॉल्ट बंदच केलं, आणि बरोबरच केलं. जुन्या फाइली काढायच्या म्हणून रोजच्या कॉम्प्युटरवर ते परत चालू करणं मला अजिबात पटत नाही, त्यापेक्षा मधे एक वेगळं मशीन ठेवावं ज्याला जुनंही कळतं आणि नवंही.

लॅपटॉपवर सांबाच्या कॉन्फिग फाइलमधे सर्व्हर मिन प्रोटोकॉल एनटी१ केलं (म्हणजे एसएमबी १ पण चालेल), सर्व्हिस रीस्टार्ट केली आणि एक्सपीला फोल्डर दिसायला लागलं, पण पासवर्ड काही घेईना. पासवर्ड अगदी बरोबर. कारण असं की एक्सपी मुळात एनटीएलएमच्या (विंडोजची पासवर्ड तपासायची पद्धत) पहिल्या व्हर्जनने उत्तर पाठवतं आणि सांबा ४.५ पासून दुसरंच मागतं. बरेच जण सांबालाच खाली उतरवतात, पण एक्सपीला दुसरं व्हर्जन येतं की, नुसतं सांगावं लागतं! रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग जिथे असतात तिथे) एलएसएच्या खाली एलएम कम्पॅटिबिलिटी लेव्हल ३ केली, मशीन रीस्टार्ट केलं, आणि फोल्डर उघडलं. खूप बरं वाटलं. अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९२ च्या सुमारास कॅनबेरात शिकत असताना नेटवर्कवरची पॅकेट बघून बघून हा प्रोटोकॉल उलगडला, त्यातून सांबा उभा राहिला, आणि त्याच्याच जिवावर आज हा टॉवर बोलतोय. त्या माणसाचे उपकार आहेत खरंच.

मॅकची गोष्ट निराळी. त्याला अॅपलचा फाइल शेअरिंगचा प्रोटोकॉल, एएफपी, लागतो, म्हणून लॅपटॉपवर तो बोलणारं नेटाटॉक चालवलं आणि मॅकच्या चूझर या नेटवर्क निवडायच्या खिडकीतून तो जोडला गेला. पण मॅकच्या जुन्या फाइलींना दोन भाग असतात, डेटा फोर्क आणि रिसोर्स फोर्क, आणि फॉन्टच्या सूटकेसमधे (मॅकवर फॉन्ट ज्या फाइलीत ठेवतात ती) सगळा माल दुसऱ्या भागात. नुसता डेटा भाग कॉपी झाला की फाइल दिसते, नाव दिसतं, साइज शून्य बाइट! बघून पोटात गोळा येतो. नेटाटॉक तो दुसरा भाग जपतं, पण तीच फाइल पुढे एक्सपीवर नेली की तो सुटलाच, म्हणून फॉन्ट मॅकवरच स्टफइटमधे (झिपसारखं मॅकचं सॉफ्टवेअर) बांधायचे आणि मगच हलवायचे. टेक्स्ट फाइलींचं सोपं आहे, ओळ संपल्याची खूण तिघांची वेगवेगळी, लिनक्सवर एका कमांडने बदलता येते.

टॉवरची बोर्डावरची बॅटरी गेलीये त्यामुळे घड्याळ पार मागे जातं, म्हणजे नवी फाइल कुठली हे तारखेवर ठरवताच येणार नाही. लॅपटॉपवरून बाहेरच्या डिस्कवर नेताना आरसिंक या कॉपी करायच्या प्रोग्रॅमला चेकसम लावलंय, म्हणजे तो तारीख न बघता फाइलीतला मजकूरच ताडून बघतो (तेही मुळात ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांचंच). वेळ लागतो पण लागू दे. एक्सपीचं सगळं उतरलं, मॅकचे फॉन्ट बांधून झाले, आता मॅकवरच्या जुन्या मेल तेवढ्या राहिल्यात.